गाठीचं बोलणं

पंचवटी, नाशिक
१ ऑक्टोबर १९८१

सावित्रीबाई यांस गोदावरीचा नमस्कार.

पत्राचं कारण सुखाचं नाही. तसं तुम्हांला सुखाचं पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली होती, तेही आठवत नाही. तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल लिहिते आहे. माझ्या भावाशी, ढुंढिराजशी, तिचं लग्न होऊन वीस वर्षं उलटली. इतक्या वर्षांत मी तिच्या माहेरी एका शब्दाची कागाळी केली नाही. आता करते.

पितृपक्ष नुकताच संपला. आमचा धंदा उपाध्येपणाचा, त्यामुळे या पंधरवड्यात घरात पाय ठेवायला जागा नसते. इंदूरचे यजमान वडिलांच्या श्राद्धासाठी आले होते. श्यामलाने खीर करपवली. करपते, माणसाच्या हातून होतं. पण पातेल्यातून धूर निघतोय, आळीच्या टोकापर्यंत वास गेलाय, आणि ही बाई शांतपणे त्याच खिरीत वेलदोड्याची पूड घालते आहे! वर तीच खीर पानात वाढली. यजमान बिचारे सभ्य, म्हणाले, "वहिनी, खीर जराशी लागली वाटतं." तर तुमची बहीण म्हणते, "तुमच्या वडिलांनी तक्रार केली का? मग तुम्ही कशाला करता?" आणि भर पंगतीत खो खो हसली. ढुंढी मान खाली घालून मंत्र पुटपुटत राहिला. त्याला दुसरं येतं काय?

एके काळी हिचं मला केवढं कौतुक होतं! देवापितरांच्या अन्नाचा वास आधी घ्यायचा नसतो. घेतला की ते उष्टं झालं. आमच्या आळीत सोवळ्याच्या मोठ्या गप्पा मारणाऱ्या बायका आहेत, पण फोडणी पडली की त्यांची नाकं फुलतात. हिचं नाक कधी हललं नाही. वाफेवर तोंड धरून उभी राहील, चेहऱ्यावर काही म्हणून उमटणार नाही. मी चारचौघींना मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभं करून दाखवत असे. त्याच बाईला आता मी काही सांगायला गेले की उलट उत्तर मिळतं.

शिवाय सकाळी उठली की डोकं धरून भिंतीला टेकून बसते. दुपारपर्यंत बरं वाटतं म्हणे. कामाच्या वेळी दुखणारं आणि जेवायच्या वेळी थांबणारं डोकं मी जन्मात पाहिलं नाही. तुम्ही मोठ्या, शाळेत पोरांना वळण लावून निवृत्त झालात. स्वतःच्या बहिणीला चार शब्द सांगता आले तर पाहा.

गोदावरी


दादर, मुंबई
९ ऑक्टोबर १९८१

गोदावरीबाई यांस,

आपलं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मी ते पुन्हा वाचलं. "तुमच्या वडिलांनी तक्रार केली का?" व्वा! माझी श्यामला हे बोलली? जी लग्नानंतर माहेरी आली तरी पाणी प्यायला माझ्याकडे बघायची, ती? वीस वर्षांनी का होईना, तिला कणा फुटला. मेलेल्यांच्या नावावर जेवणाऱ्या घरात एक जिवंत माणूस निघालं, याचं आपल्याला दुःख व्हावं हे साहजिक आहे.

मी मुलांना वळण लावलं नाही, शरीरशास्त्र शिकवलं. त्यामुळे तिच्या डोकेदुखीचं कारण मला दादरला बसून कळतं. पहाटे उठायचं, ओलेत्याने धुरात उभं राहायचं, पितरांचं, ब्राह्मणांचं, यजमानांचं होईपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. याने डोकं दुखतं. ते दुपारी जेवल्यावर थांबतं, कारण दुपारी तिला जेवायला मिळतं. यात सोंग कसलं? आणि राहिलेल्या दुखण्याचं कारण गोदावरीबाई हे आहे. त्याला औषध नाही.

सोबत शक्तीच्या गोळ्या पाठवते आहे. त्या देवापुढे ठेवू नका, तिला द्या. चार शब्द सांगायचे तर मी तिला एवढंच सांगेन की, आणखी बोल.

सावित्री


पंचवटी, नाशिक
१९ जानेवारी १९८२

सावित्रीबाई यांस,

तुमच्या गोळ्या दिल्या. काही उपयोग नाही. शिकलेल्या माणसाला गोळीची किंमत तेवढी कळते, गुण कळत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी बाहेर ओटीवर जप करत बसले होते. एकाएकी गॅसचा असा भपकारा आला की माझा घसा धरला. आत धावले. शेगडीची चावी उघडी, ज्योत विझलेली, आणि श्यामला शेगडीपासून हातभर अंतरावर तीळ निवडत बसलेली. मांडीत काडेपेटी! मी ती ओढून घेतली, खिडक्या उघडल्या, ओरडले, "अगं, घर पेटवतेस का? वास येत नाही?" तर माझ्याकडे बघून म्हणते, "कसला वास?" आणि पुन्हा तीळ निवडायला लागली. शेगडीची चावीही मीच फिरवली, आणि हिच्या कपाळावर आठी नाही. आम्हां सगळ्यांना जाळायला निघाली होती, दुसरं काय? तुमचा कणा तो हाच का?

सकाळी ओकाऱ्या होतात. आधी मळमळ नाही, पोटात दुखत नाही, एकदम भडाभडा ओकते आणि तोंड पुसून उठते. शेजारच्या बयाबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काही गोड बातमी?" पंचेचाळिशीच्या, मूलबाळ नसलेल्या बाईबद्दल! ढुंढी लाजेने दोन दिवस आळीतून फिरला नाही. वैद्यबुवांनी पित्त सांगितलं आहे, काढा चालू आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिण्याजोगी नाही आणि तुम्हांला लिहायची तर मुळीच नाही.

गोदावरी


दादर, मुंबई
२५ जानेवारी १९८२

गोदावरीबाई यांस,

आता खुनाचा आरोप! छान. जिला तुम्ही जन्मभर वास घ्यायचा नाही म्हणून शिकवलंत, तिने गॅसचा वास घेतला नाही म्हणून तुम्ही खवळलात. घ्यायचा कधी आणि नाही कधी याचं एक वेळापत्रक स्वयंपाकघरात लावून ठेवा.

ती तुमच्याकडे लक्ष देत नाही, एवढाच याचा अर्थ. मुलं शाळेत हेच करतात. मारकुट्या बाईंनी कितीही आरडाओरडा केला तरी ढिम्म बसून राहतात. मी अशा मुलांना नेहमी पहिल्या बाकावर घेत असे.

ओकाऱ्या तुमच्या काढ्याने होत असतील. सकाळचं डोकं दुखणं अजून आहे असं दिसतं, तर तिला चाळिशीचा चष्मा लागला असणार, हे एवढं साधं तुमच्या सबंध आळीत कुणाला सुचू नये? तांदूळ-तीळ निवडून बाईच्या डोळ्यांची वाट लागते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मुहूर्त पाहू नका. चष्म्याचा नंबर निघाला की मला कळवा, म्हणजे या वर्षी निदान एक गोष्ट मी बरोबर सांगितली हे तुम्हांला लिहून द्यावं लागेल.

सावित्री


पंचवटी, नाशिक
११ फेब्रुवारी १९८२

सावित्रीबाई यांस,

तुमचं शहाणपण खोटं पाडायला म्हणून मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्म्याचा नंबर निघाला नाही. काय निघालं ते लिहिते.

डॉक्टर चांदवडकडचा, बाप कांद्याचा व्यापारी. मिशा नुकत्या फुटलेल्या. म्हटलं, हा काय आमचे डोळे तपासणार! त्याने श्यामलाचा डावा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. ती म्हणाली, "कुठली अक्षरं?" त्याने तोंडापुढे बोटं धरली. "किती?" ही म्हणते, "अंधारात कशी मोजू?" उजवा डोळा जवळजवळ गेलेला, सावित्रीबाई. आणि घरात तिने कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "दुसरा होता ना."

मग त्याने थेंब घातले, खोलीत अंधार केला आणि छोटा दिवा घेऊन तिच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिला. दिवा लावून त्याने आपल्या टेबलावरची कॉफीची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. मग लवंगेचं तेल. मग कापूर. हिचं नाक हललं नाही. मी, म्हणजे सवयीने, म्हणणार होते की बघा, कसं आहे! त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलले नाही.

त्याने विचारलं, "वास कधीपासून येत नाही?"

"झाली असतील दहा-बारा वर्षं."

"कुणाला बोलला नाहीत?"

"वन्संना आवडायचं," असं म्हणाली. माझ्याकडे बोट दाखवून.

तो म्हणतो, उजव्या डोळ्यामागची नस दाबून वाळली आहे आणि डाव्या डोळ्यामागची सुजली आहे. आत, कपाळामागे, नाकाच्या वर काहीतरी वाढतं आहे. सकाळचं डोकं दुखणं आणि मळमळ नसताना ओकणं हे आतल्या दाबाचं. ताबडतोब मुंबईला नेऊन मेंदूचा फोटो काढा, थांबलात तर डावा डोळाही जाईल, आणि डोळ्यावर थांबणार नाही. ब्रेन ट्यूमर म्हणाला. मी म्हटलं, आमच्या घरात असले रोग नाहीत. तर म्हणतो, "आजी, आता आहे."

आळीतल्या सगळ्यांनी त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी करायला सांगितला. तिथीही काढली. पण ढुंढी! शेकडो यजमानांना ज्याने त्र्यंबकेश्वरला धाडलं, तो माझा भाऊ पंचांग मिटून म्हणाला, "अक्का, ते यजमानांचं झालं. मी गाडी सांगतो." इतकं धड वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला आणि ते असलं.

दोघं परवा तुमच्याकडे पोचतील. यजमान यायचे थांबत नाहीत, म्हणून मी इथेच. तुम्ही शरीरशास्त्र शिकवत होता ना? कुठल्या शरीराचं?

गोदावरी


दादर, मुंबई
२२ फेब्रुवारी १९८२

गोदावरीबाई यांस,

आपल्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका वेळ नाही. जे झालं ते कळवते.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला सरळ रेषेत चालायला लावलं, गुडघ्यांवर हातोडी मारली, तळपाय खरवडले, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असं विचारलं. ती दोनदा वजा करून म्हणाली, "मला कंटाळा आला, पुढचं तुम्ही करा." मग डोक्याचा सीटी स्कॅन. हे यंत्र मुंबईत नवीनच आहे. पूर्वी म्हणे पाठीतून हवा भरत किंवा मानेच्या रक्तवाहिनीत रंग सोडत आणि त्यावरून आत काय आहे याचा अंदाज बांधत. आता एका मोठ्या कड्यात डोकं ठेवून पडून राहायचं, हाताच्या शिरेत एक औषध टोचतात आणि डोक्याचे पापुद्रे काढावेत तसे फोटो निघतात. त्या औषधाने गाठ उजळते. कपाळामागे, अगदी मधोमध, पांढरा गोळा. मोसंबीएवढा. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, दिसत होतं.

ही गाठ मेंदूची नाही, मेंदूवरच्या आवरणाची आहे. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, सावकाश वाढतात, वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. पहिल्यांदा तिने वासाच्या नसा चिरडल्या. मग मेंदूचा पुढचा भाग मागे रेटला. शेवटी डोळ्यांच्या नसा. काढली नाही तर आंधळी होईल आणि मग मरेल. काढताना मरण्याची शक्यताही त्यांनी सांगितली, आवाज न बदलता. औषधाने विरघळत नाही, ऑपरेशनच करायला हवं.

आणि हे डॉक्टर, सोन्याची काडी लावलेला चष्मा, मला म्हणतात कसे, "माणसाचं ताळतंत्र मेंदूच्या पुढच्या भागात असतं. पेशंटचं उर्मट बोलणं, नको तिथे हसणं, कशाची फिकीर नसणं, हे गाठीचं बोलणं समजा." मी विचारलं, "सगळंच?" ते म्हणाले, "बहुतेक." मोठा आला माणूस ओळखणारा! वीस वर्षं तिने काय काय गिळलं ते त्याच्या यंत्रात दिसतं का?

सूज उतरायला स्टिरॉइड चालू केलं. दोन दिवसांत डोकं दुखायचं थांबलं, ओकाऱ्या थांबल्या. काल सकाळी ती पलंगावर पदर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "ताई, मी पाणी पिऊ का?"

सावित्री


पंचवटी, नाशिक
१ मार्च १९८२

सावित्रीबाई यांस,

म्हणजे ज्या बाईवर तुम्ही खूश होता, ती मोसंबीएवढी गाठ होती. "आणखी बोल" म्हणून तुम्ही तिलाच निरोप पाठवलात. मला हसायला हवं, पण येत नाही.

तुम्ही म्हणाल, मीही फसले. फसले. पण माझ्या फसण्यात आणि तुमच्यात फरक आहे, तो सांगते. जानेवारीत मी लिहिलं होतं की एक गोष्ट लिहिण्याजोगी नाही. आता लिहिते. श्यामला अंथरुणात करत होती. दिवाळीपासून. उठायची, ओल्या लुगड्याने तशीच चालायला लागायची, तिला त्याचं काही वाटायचंच नाही. ढुंढीला कळू नये म्हणून मी तिला माझ्या खोलीत निजवायला लागले. सांगितलं की मला भीती वाटते. चादरी मी धुतल्या, या वयात, नळावर पहाटे, कुणी उठायच्या आत. ओरडत होते, शिव्या देत होते, पण धूत होते. तुम्ही दादरला बसून कणा कणा लिहीत होता तेव्हा.

तुम्ही तिचा पुतळा उभारत होता. पुतळ्याला अंथरूण ओलं करण्याची सोय नसते.

डॉक्टर कसा आहे, हात थरथरतो का, ते बघा. ढुंढीला विचारू नका, त्याला सगळेच चांगले दिसतात. देवाकडे मी अजून काही मागितलेलं नाही. काय मागायचं ते माहीत नाही अशातला भाग नाही. पण शब्द येत नाहीत.

गोदावरी


दादर, मुंबई
१९ मार्च १९८२

गोदावरीबाई यांस,

झालं. जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण आपण पत्र फोडताना उभ्या असाल.

आदल्या दिवशी केस काढायला न्हावी आला. ढुंढिराज दारातच थांबले. सगळं डोकं साफ होताना पाहून रडायला लागले, मोठ्याने, पोरासारखे. तुमच्या आळीत कुठल्या बाईचं डोकं असं करत असत ते आपल्याला वेगळं सांगायला नको. श्यामला आरशात बघत होती. म्हणाली, "तुम्ही का रडता? तुम्ही आहात ना अजून. रडायचं तर मी." न्हावी हसला. हे स्टिरॉइडनंतरचं बोलणं आहे, म्हणून मी सोन्याच्या काडीला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "अजून गाठ आतच आहे हो." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला गाठच.

ऑपरेशनला सकाळी नेलं ते दिवेलागणीला बाहेर आणलं. केसांच्या रेषेमागून कातडी उलटवून कपाळाचं हाड खिडकीसारखं काढतात. गाठ अखंड ओढून काढत नाहीत, आधी आतून पोखरतात, मग तिच्या भिंती मेंदूपासून अलगद सोडवत आणतात. जिथे ती उगवली होती ते आवरणही जाळलं. रक्त बरंच गेलं. ढुंढिराजांनी दिलं आणि सुई पाहून चक्कर येऊन पडले.

मी बाहेर बाकावर बसले होते. हजारो मुलांच्या वहीत मेंदूची आकृती काढून घेतली, भागांना नावं द्यायला लावली. त्या बाकावर मला एकही नाव आठवेना. मला भीती वाटली, गोदावरीबाई. आपल्याला हे लिहावं लागतं ही शिक्षाच आहे, पण चादरींचं माहीत असलेलं दुसरं माणूस मला नाही.

डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच. वास कधी येणार नाही. तुकडा तपासला, साधी गाठ आहे, कर्करोग नाही. झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या, आणि विस्तवापाशी एकटीने उभं राहायचं नाही. म्हणजे तुमच्या घराला तिचा आता काडीचा उपयोग नाही. ती इथेच राहील, माझ्यापाशी. तिचं जे काही बोलायचं राहिलं असेल ते इथे बोलेल.

सावित्री


पंचवटी, नाशिक
२७ मे १९८२

सावित्रीबाई यांस,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी खरंच उभी होते. तुम्हांला कसं कळलं याचा राग आला.

श्यामलाला पाठवून द्या. उपयोगाचा हिशोब मी केला नव्हता, तुम्ही केलात. स्वयंपाकाला यशोदाबाई लावल्या आहेत. नाक भलतं तिखट आहे त्यांचं, फोडणीला शिंकतात, सोवळ्याची पार धूळधाण. पण घर जळत नाही. श्यामलाने बसून राहावं. तिच्या खोलीला ढुंढीने नवा रंग दिला आहे. स्वतः दिला आहे, त्यामुळे जमिनीलाही लागला आहे.

ऐकते की ती आता पूर्वीसारखी शांत झाली आहे. तशी असेल तर आमचीच आहे. तुम्हांला हवी होती ती दुसरी, आणि ती तर डॉक्टरांनी कापून टाकली. मग तुम्ही कुणाला ठेवून घेता आहात?

गोदावरी


दादर, मुंबई
१४ जून १९८२

ती. ताई आणि ती. वन्सं यांस श्यामलाचा नमस्कार.

हे पत्र दोनदा लिहिलं आहे. एक टपालाने जाईल, एक ताईच्या उशीवर ठेवीन. ताई याच घरात आहे, पण तोंडाने सांगायला गेले की माझं वाक्य तीच पुरं करते. ओळी तिरक्या जात आहेत. एका डोळ्याने कागदाची कड कळत नाही.

तुम्ही एकमेकींना काय लिहिलंत ते सगळं मला माहीत आहे. ताई पत्रं वाचून दाखवते, आवाज काढून. वन्सं तर लिहिताना मोठ्याने बोलत लिहितात, अख्ख्या आळीला माहीत असतं. मजेशीर लिहिता तुम्ही दोघी. मी मध्ये नसते तर तुमची चांगली मैत्री झाली असती.

वन्सं, तुम्हांला माझं नाक गेलेलं आवडलं. ताई, तुला माझं ताळतंत्र गेलेलं आवडलं. गोळ्यांनी मी जरा शुद्धीवर आले आणि तुला पाणी विचारलं, तेव्हा तुझा चेहरा उतरला. मी पाहिला तो. माझ्यातलं जे जे तुम्हां दोघींना आवडलं ते सगळं रोगाचं निघालं. दुसरं काही आवडण्यासारखं आहे का ते कुणी बघितलं नाही, माझ्या नवऱ्यानेही नाही, आणि मीही नाही. मी तरी कधी बघणार? पहाटेपासून तुमची खीर.

चादरी धुतल्यात, त्याचं ऋण मानते. शिव्या देत धुतल्यात, त्या मी ऐकत होते. मला काही वाटत नाही असं तुम्हांला वाटायचं. मला वाटायचं. फक्त वाटलेलं बाहेर यायला वाट नव्हती, आणि का नव्हती ते मला तेव्हा कळत नव्हतं.

मी नाशिकला येते आहे. यांना म्हणावं, न्यायला या. ताई, रडू नकोस आणि भाषणही नको. वन्सं, तुम्ही जिंकलात असं नाही. हा एक डोळा आहे, उद्या राहील न राहील. त्या घरातल्या भिंती, पायऱ्या, उंबरे मला पाठ आहेत. दिसेनासं झालं तर तिथे मी कुणाचा हात न धरता चालू शकेन. इथे ताई माझा हात सोडत नाही. एवढंच कारण आहे. प्रेमबिम समजून कुणी हुरळून जाऊ नये.

पंगतीत वाढायला मी येणार नाही. डॉक्टरांनी विस्तवाला नाही म्हटलं आहे. वाढायला नाही हे मी म्हणते आहे. यशोदाबाई नसतील त्या दिवशी खीर यांनी ढवळावी. एवढे मंत्र येतात, दूधही येईल. मला शाळेत सातवीपर्यंत गणित चांगलं येत होतं. आळीतल्या पोरींना दुपारी ओटीवर शिकवीन. वन्संनी जपाला आत बसावं.

इंदूरच्या यजमानांना मी जे बोलले ते मला आठवतं. डॉक्टर म्हणतात, गाठीने बोलायला लावलं. लावलं असेल. पण ते वाक्य चुकीचं होतं असं मला अजून वाटत नाही.

काल मोठे सर्जन तपासायला आले होते. मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, गाठ थोडीशी तरी आत राहिली आहे का?" ते म्हणाले, "नाही बाई, मुळासकट काढली. परवाच्या फोटोत काही नाही, निश्चिंत राहा." मी पुन्हा विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." मी मुद्दाम ताईसमोर विचारलं. म्हणजे आता हे जे लिहिलं आहे, ते माझं आहे.

श्यामला